बदामाखालचं गवत

फेब्रुवारीत आमच्या बेनाल्खारला पाहुण्यांची रीघ लागते. बदाम फुलला की ग्रनादा शहराहून गाड्या भरभरून माणसं येतात, झाडाखाली उभी राहून फोटो काढतात, रमोनाच्या बारमध्ये दोन पेले जास्तच रिचवतात आणि जाताना म्हणतात, तुम्ही नशीबवान, स्वर्गात राहता. आम्ही मान डोलावतो. फूल फेब्रुवारीत येतं आणि थंडीचा कडाका मार्चमध्ये, हे पाहुण्यांना सांगून काय मिळणार? त्यांना फूल हवं, आम्हाला बदाम हवा. दोघांचं जमत नाही.

त्या वर्षी सगळं शिवार पांढरं झालं आणि आमचं टेकाड तेवढं काळं राहिलं. एकाही फांदीवर फूल नाही. पाहुणे आमच्या बांधापर्यंत यायचे आणि तिथूनच वळायचे.

रमोनाच्या बारमध्ये एलादियोनं मला गाठलं. त्याची जमीन आमच्या टेकाडाला लागून. "काय रे खिनेस, तुझ्या सासऱ्याच्या बागेला सुतक आहे का? सगळं गाव नटलंय आणि तुमची झाडं विधवेसारखी!"

"उशिरा नटतात. मोठ्या घरच्या बायका उशिराच येतात लग्नाला," मी म्हणालो.

"लग्न उरकून गेल्यावर येऊन काय करणार?"

बार हसला. मी पण पेला तोंडाला लावला. मी या गावचा घरजावई. समुद्राकाठच्या प्लॅस्टिकच्या हरितगृहांत टोमॅटो खुडत होतो, तिथून माझ्या बायकोनं, कसिल्दानं, मला उचलून इथं वर आणलं. घरजावयानं दोन गोष्टींत तोंड घालू नये, सासऱ्याची जमीन आणि सासऱ्याचा स्वयंपाक. मी दोन्हींत घालतो, आणि दोन्हींत ऐकून घेतो.

झाडांची गोष्ट अशी. लागोपाठ तीन वर्षं मार्चच्या पहाटेनं आमचा बदाम खाल्ला. झाडं फुलायची, इवलासा हिरवा दाणा धरायचा आणि एका रात्रीत आतून काळा पडायचा. तिसऱ्या वर्षी कसिल्दा करवत घेऊन टेकाडावर गेली. म्हणाली, खोड तसंच ठेवायचं, माथा उतरवायचा आणि नव्या फांदीवर उशिरा फुलणाऱ्या जातीचे डोळे भरायचे, म्हणजे कलम बांधायचं. मार्च सरल्यावर फुलणारी जात. थंडी येऊन गेली की मग झाड जागं होणार.

माझ्या सासऱ्याचं नाव सेबेरो. ती झाडं त्याच्या बापानं लावलेली. जमीन त्याच्या नावावर, घरात शब्द त्याचा. त्यानं रात्र जाऊ दिली. सकाळी म्हणाला, "तीन सुग्या. तिसऱ्या सुगीला झाडानं दिलं नाही तर मी कंपनीचा करार करतो. मग माझ्यापुढं रडायचं नाही."

"चालेल," कसिल्दा म्हणाली.

करवत चालली तेव्हा म्हातारा प्रत्येक झाडाजवळ उभा राहिला. टोपी काढून हातात धरली होती. रडला नाही, पण ती तोडलेली लाकडं त्यानं आमच्या चुलीत जाऊ दिली नाहीत. ट्रॉलीत भरून गावात वाटून टाकली. त्या हिवाळ्यात आम्ही बदामाची विकतची टरफलं जाळून अंग शेकलं.

कंपनीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. किनाऱ्याकडची माणसं. दरीतली जमीन बऱ्याच वर्षांच्या करारानं घ्यायची, खोल विहीर मारायची आणि बदामाची झाडं कुंपणासारखी खेटून खेटून लावायची. झाडाच्या डोक्यावरून यंत्र चालतं आणि दोन माणसं मिळून सगळी सुगी उरकतात. मी ते यंत्र चालवलंय, वाईट म्हणणार नाही. तिसऱ्या वर्षापासून बदाम ओततात ती झाडं. पण पितात! आणि वीसेक वर्षांत म्हातारी होतात. सेबेरोची झाडं ऐंशीच्या घरातली, आणि आकाशातून पडेल तेवढंच पिऊन राहिलेली. कंपनीच्या विहिरी आल्यापासून गावाच्या झऱ्याची धार मनगटाएवढी होती ती बोटाएवढी झाली. पण एलादियोनं जमीन दिली, त्याला घरबसल्या भाडं मिळतं, नवी गाडी आली. त्याला मूर्ख कोण म्हणेल? बदामाचा भाव इथं ठरतच नाही. तो ठरतो समुद्रापलीकडे कॅलिफोर्नियात, तिथं पीक आलं की इथं आमची कंबर मोडते.

पहिल्या दोन सुग्या नव्या फांद्या वाढण्यातच गेल्या, तर ही तिसरी सुगी होती. सगळं तिच्यावर होतं.

मार्चमध्ये थंडी आलीच. दोन रात्री दव गोठलं. सकाळी माणसं आपापल्या बागेत जाऊन दाणा नखानं फोडून बघत होती आणि आत काळं बघून फेकून देत होती. आमच्या झाडांवर तेव्हा नुसत्या बंद कळ्या. मग महिना सरता सरता टेकाड फुललं. एकटं आमचंच टेकाड. एकही पाहुणा बघायला आला नाही, पण मधमाश्या मात्र साऱ्या शिवारातल्या आल्या.

मी सासऱ्याला म्हणालो, "मामा, बघितलंत का?"

"बघितलं. फूल म्हणजे बदाम नव्हे, जावईबापू."

"पण आलं ना?"

"वर आलं. खाली बघ. खालचं काय?"

खाली गवत होतं.

हे नीट सांगायला हवं. कसिल्दानं शरद ऋतूत झाडांच्या ओळींमध्ये जव आणि रानवाटाणा पेरला होता. एप्रिलमध्ये तो गुडघ्याला लागायला लागला, त्यात लाल फुलं, पिवळी फुलं, काय नाही ते. आणि आमच्या गावात बागेखाली गवत म्हणजे अब्रूचा प्रश्न. बदामाखालची जमीन वर्षातून चार-पाच वेळा मोगडायची, म्हणजे फाळांनी उकरून तण काढायचं, आणि घरातल्या फरशीसारखी ठेवायची. सोयरीक करायला येणारी माणसं आधी बाग बघतात. खाली तण दिसलं की समजायचं, घरात आळशी माणसं आहेत किंवा बाप दारू पितो. सेबेरोच्या बागेत पडलेला बदाम बांधावरून दिसायचा. त्याच्या तरुणपणी लोक आपली पोरं घेऊन यायचे, बघा रे, जमीन कशी ठेवावी.

रोज जेवताना बाप-लेकीचं जुंपायचं.

"तण खाई धन," म्हातारा पाव तोडत म्हणायचा. "माझ्या झाडाचं पाणी ते पितंय."

"पितंय, खोटं नाही," कसिल्दा म्हणायची. "पण मे लागला की मी त्याला रोलर फिरवून आडवं करणार. मग तेच अंथरूण होतं. ऊन जमिनीला लागत नाही, पाऊस आला तर पळून जात नाही."

"जमिनीला झाकण कशाला हवं? ती काय चुलीवरचं भांडं आहे?"

"टेकाडावरची माती दर वर्षी खाली जाते, बाबा. तुमच्या लहानपणी झाडांची मुळं दिसायची का? आता दिसतात."

"माझ्या लहानपणी पोरी बापाला शिकवत नव्हत्या."

"म्हणून मुळं उघडी पडली."

मी मध्येच मीठ मागायचो. मीठ मागितलं की दोघं माझ्यावर घसरायचे, आणि तेवढ्यात ताट संपायचं.

एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे संत मार्कोसचा दिवस येतो. त्या दिवशी माणसं मधोमध उकडलेलं अंडं घातलेले पाव आणि दारूचे बुधले घेऊन रानात जातात आणि सैतान बांधतात. म्हणजे उभ्या गवताच्या काड्या धरायच्या आणि गाठ मारायची. प्रत्येक गाठीत एकेक सैतान अडकतो. मग तो वर्षभर पिकाला, गुराला, लेकराला त्रास देत नाही. आता बागांमध्ये गवतच ठेवत नाहीत, म्हणून सगळा गाव डोंगरावर चढतो.

त्या आठवड्यात बारमध्ये एलादियो उठून उभा राहिला. सेबेरो कोपऱ्यात पत्ते खेळत होता.

"मंडळी, यंदा डोंगर चढायला नको. गुडघे दुखतात. सरळ सेबेरोच्या बागेत जाऊ. साऱ्या प्रांतातले सैतान बांधून उरेल एवढं गवत आहे तिथं!"

बार असा हसला की रमोनाला पेले सांभाळावे लागले. मी पण हसलो. काय करणार, विनोद चांगला होता. सेबेरोनं हातातले पत्ते टेबलावर उलटे ठेवले. बाजी तोच जिंकणार होता, नंतर आम्ही पत्ते उलटून बघितले. त्यानं टोपी घातली आणि गेला.

संत मार्कोसच्या आदल्या दिवशी मी आणि कसिल्दा रोलर आणायला बासा शहरात गेलो. संध्याकाळी परतलो. वळणावरूनच कसिल्दानं माझा दंड धरला. वरची अर्धी बाग तांबडी दिसत होती. गवत नव्हतं. डोंगराची वाट तिकडून जाते, बरोबर तीच बाजू. खालच्या अर्ध्या भागात गवत तसंच डुलत होतं आणि दोन्हींच्या मधोमध आमचा ट्रॅक्टर उभा होता. डिझेल संपलं होतं. मोगड्याच्या फाळांत रानवाटाण्याचे वेल लटकत होते. सेबेरो चाकाला टेकून बसला होता. दिवसभर ट्रॅक्टरवर बसून म्हाताऱ्याची पाठ मोडली होती, पण चेहरा धुतल्यासारखा होता.

"बाबा, हे काय केलंत?"

"तुझी अब्रू झाकली."

"माझी अब्रू जमिनीवर पडली होती का?"

"तुझी नव्हती तर माझी होती." मग जरा हळू आवाजात, "लोक हसतात गं पोरी. उद्या सगळं गाव इथून जाणार. सत्तर वर्षं माझ्या जमिनीला कुणी हसलं नाही."

कसिल्दानं फाळातला एक वेल सोडवला. मुळाशी अजून ओली माती होती. तिनं तो ओढून काढला, हातात धरला आणि घराकडे चालायला लागली. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझी बायको ओरडते तेव्हा सगळं ठीक असतं.

दुसऱ्या दिवशी गाव आलं. मुलं धावत खालच्या गवतात शिरली आणि गाठी मारत सुटली. मोठी माणसं पाव खात बांधावर बसली. एलादियोनं वरचा भाग बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरेरे सेबेरो! आम्ही बांधायच्या आधी तू सगळे सैतान सोडून दिलेस की!"

म्हाताऱ्याच्या नांगरलेल्या जमिनीकडे एकानंही वळून बघितलं नाही. सगळे बघत होते ते गवतात लोळणाऱ्या मुलांकडे. कसिल्दा सगळ्यांना दारू वाटत फिरत होती. मध्येच वाकली, काड्यांची एक मूठ धरली आणि घट्ट गाठ मारली.

रमोना म्हणाली, "कुठला सैतान बांधतेस गं?"

"घरातला."

बायका हसल्या. सेबेरोनं पाठ फिरवली आणि एकटाच खाली उतरला. मला त्याची दया आली, आणि राग पण आला. एवढी मेहनत करून माणसानं आपलंच हसं करून घ्यायचं, याला काय म्हणावं?

त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं बंद. काय सांगायचं ते माझ्यामार्फत. "तुझ्या बायकोला सांग, दूध संपलंय." "तुझ्या सासऱ्याला सांग, गाय काही मी पाळत नाही." तिघं एका टेबलाशी, आणि मी पोस्टमन.

मे महिन्यात कसिल्दानं खालच्या भागावर रोलर फिरवला. गवत आडवं होऊन पिवळं पडलं. वरची जमीन सासऱ्याच्या मनासारखी झाली. झाडांवर दोन्हीकडे बदाम सारखाच लागला होता, हिरवा, मऊ केसांचा. म्हातारा वरच्या झाडांखाली उभा राहून खालच्या झाडांशी ताडून बघायचा, आणि मला म्हणायचा, "काही फरक आहे का? सांग."

"नाही, मामा."

"मग?"

मग जून लागायच्या आधी आभाळ आलं.

जेवणं झाली होती. डोंगराच्या मागून काळं चढलं आणि आमच्या डोक्यावर येऊन थांबलं. आमच्याकडे वर्षाचा पाऊस असा येतो, महिनोन्महिने नाही, आणि मग एका दुपारी सगळा. पाऊस आला की आमच्या घरात मिगास करतात, शिळ्या पावाचा चुरा लसूण घालून तेलात परतायचा, सोबत तळलेली मिरची. कसिल्दा कढईपाशी उभी राहिली. सेबेरो खिडकीपाशी. थोड्या वेळानं रस्त्यावरून पाणी गेलं. आधी स्वच्छ होतं. मग तांबडं झालं, घट्ट झालं. सगळ्या बागांचं पाणी गढूळ येतं, पण आमच्या टेकाडाची माती वेगळीच तांबडी, विटेच्या रंगाची. गावात कुणीही ओळखेल.

म्हातारा खिडकीतून हलला नाही. मिगास थंड झालं.

पाऊस थांबल्यावर आम्ही वर गेलो, तिघं, तीन वेगळ्या अंतरावर. खालच्या भागात पिवळं गवत जमिनीला चिकटून बसलं होतं. बूट दाबला की खालून पाणी बुडबुडत वर यायचं. वरच्या भागात सासऱ्यानं घाईत वरून खाली नांगराच्या सरळ चऱ्या पाडल्या होत्या. आयुष्यभर त्यानं उताराला आडवा नांगर धरला, पण त्या दिवशी त्याला गाव यायच्या आत उरकायचं होतं. एकेका चरीचा ओढा झाला होता. माणूस उतरेल एवढी घळ पडली होती. तीन झाडं कलंडली होती आणि त्यांची मुळं उघडी होती. सेबेरो घळीच्या काठावर उकिडवा बसला. त्यानं एका मुळावरचा चिखल अंगठ्यानं पुसला.

कसिल्दा बघून परत फिरली. तिला तेव्हा काही टाकून बोलता आलं असतं. ती बोलली नाही, त्याबद्दल मला तिचा अभिमान वाटला.

माती गावात गेली होती. रस्त्यावर घोटाभर, झऱ्याच्या कुंडात, रमोनाच्या पायरीवर. सकाळी नगरपालिकेचं यंत्र आलं, सगळं ढकलून ओढ्यात टाकायला. सेबेरो यंत्रापुढं जाऊन उभा राहिला. हातात फावडं.

"थांब."

"काका, बाजूला व्हा, रस्ता मोकळा करायचाय."

"मी करतो मोकळा. ती माती माझी आहे."

ड्रायव्हर हसला. "माती माती असते, काका."

"तुझी असेल तशी. ही माझ्या बापाच्या झाडाखालची आहे."

त्यानं फावडं घातलं आणि ट्रॉलीत टाकलं. मग दुसरं. गाव दारात उभं राहिलं. शिवारातला सगळ्यात नीटनेटका शेतकरी रमोनाच्या पायरीवरून आपलं शेत खरवडून काढत होता. कुणी मोठ्यानं हसलं नाही, पण तोंडावर हात होते. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी घमेलं घेऊन गेलो.

"तुला कुणी बोलावलं?" तो म्हणाला.

"कुणी नाही. बिनबोलावता येण्याची सवय आहे मला. घरात पण तसाच आलोय."

थोड्या वेळानं एलादियो आला. नवी गाडी लांब लावली, सदरा काढून आरशावर टांगला, आणि फावडं घेतलं.

सेबेरो थांबला. "तुला काय पाहिजे?"

"काही नाही. घरी बसून बसून हात बायकांसारखे मऊ झालेत. माझी माती कंपनीकडे, मी खणू काय?" मग जरा थांबून, "तो बारमधला विनोद, सेबेरो. चांगला होता, पण तुला एवढा लागेल असं वाटलं नव्हतं."

"मी विनोदासाठी नांगरलं नाही."

"बरं, नाही नांगरलंस. सरक तिकडे."

मग आणखी दोघं-चौघं आले. आमच्याकडे सावडीची रीत आहे, तुझा एक दिवस माझ्याकडे, माझा एक दिवस तुझ्याकडे. सेबेरो प्रत्येकाला सांगत होता, तुझा दिवस फेडीन. कुणी नको म्हणालं नाही. नको म्हणणं हा अपमान झाला असता.

कंपनीचा माणूस बेल्त्रान तिथूनच चालला होता. चांगला पोरगा, खोटं बोलत नाही. गाडीची काच खाली केली. "सेबेरोकाका, एवढ्या मातीसाठी या वयात? जमीन आमच्याकडे द्या, आम्ही यंत्रानं सपाट करून घेऊ. तुम्ही सावलीत बसा."

"तुमच्या विहिरीचं पाणी किती खोल गेलं?" सेबेरोनं विचारलं.

बेल्त्राननं डोकं खाजवलं. "खोल गेलंय. लपवून काय उपयोग? पण करार आहे तोवर भाडं मिळणार, ते पक्कं."

"आणि करार संपल्यावर?"

"ते तेव्हाचं तेव्हा."

"सुगीनंतर ये," सेबेरो म्हणाला. "तिसरी सुगी झाली की ये."

म्हणजे म्हातारा अजून आपल्या शब्दावर होता. तीन झाडं कलंडलेली, अर्धी बाग फाटलेली, आणि निकाल झाडावर टांगलेला.

ट्रॉली वर नेली. सेबेरो घळीच्या काठावर उभा राहून माती आत ढकलायला लागला. तेवढ्यात कसिल्दा आली. अंगावर माझा जुना सदरा, हातात टिकाव. मी तोंडावर पोस्टमनचा चेहरा आणला, पण माझी गरज पडली नाही.

"बाबा, अशी टाकू नका. पुढच्या पावसात परत रमोनाकडे जाईल. आधी आडवे बांध घाला, दगडाचे."

फावडं थांबलं. सगळे बघत होते, एलादियो तर उघडउघड. बापाला लेकीनं त्याच्याच जमिनीत सांगायचं, तेही चार माणसांत. सेबेरोनं टोपी मागं सारली.

"सांग कुठं," तो म्हणाला.

ती दाखवत गेली, तो दगड रचत गेला. बांध घालायला त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याचे बांध बघत राहावे असे असतात. कलंडलेली झाडं सरळ करून मुळांवर माती ओढली, वर खालच्या भागातलं पिवळं गवत आणून अंथरलं. गवत अंथरताना म्हातारा नाक मुरडत होता, पण अंथरत होता.

सप्टेंबरमध्ये सुगी आली. सुगीत मी गावभर झाडं हलवायचं यंत्र चालवतो, ते आणलं. ते खोड पकडतं, भोवती उलटी छत्री पसरतं आणि झाड हलवतं. एका दमात बदाम पावसासारखा छत्रीत पडतो. त्या वर्षी माझ्या यंत्राला दुसरीकडे कामच नव्हतं. मार्चनं शिवार साफ केलं होतं. एकटं आमचं टेकाड वाजत होतं आणि तो आवाज गावापर्यंत जात होता. माणसं बांधावर येऊन उभी राहायची. छत्री भरली की कुणीतरी मुठीत बदाम घेऊन दाताखाली फोडायचं, चावायचं आणि आमच्याकडे न बघता कसिल्दाला विचारायचं, डोळे कुठून आणलेस?

भाव मध्यमच होता. शिवारातला बदाम गेला म्हणून कॅलिफोर्नियाला काही फरक पडत नाही. पण खर्च निघून घर चालेल आणि जुना ट्रॅक्टर नीट करता येईल एवढं झाडांनी दिलं. नव्या फांद्या अजून पोरसवदा होत्या. पुढं जास्त देणार, हे आंधळ्यालाही कळत होतं.

वरच्या भागातला बदाम खालच्याइतकाच भरला. सेबेरोला राहवलं नाही.

"बघ हं. नांगरलेल्यानं पण दिलं."

"दिलं," कसिल्दा म्हणाली. "बदल्यात माती घेतली."

म्हाताऱ्यानं बुजवलेल्या घळीकडे बघितलं. मग म्हणाला, "ते खरं आहे," आणि लांब काठी घेऊन कामाला लागला. कलंडलेल्या झाडांना यंत्र लावायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. ती झाडं तो हातानं झोडपत होता, हळूहळू, फांदी न दुखावता.

शेवटच्या दिवशी बेल्त्रान आला. बगलेत कागदांचं पाकीट. ओळी ओलांडत सरळ सेबेरोपाशी गेला. मी यंत्र बंद केलं. कसिल्दा लांब जाळी गुंडाळत होती. तिनं बघितलं आणि परत मान खाली घालून गुंडाळायला लागली, पण जाळी उलटी गुंडाळत होती.

"सेबेरोकाका, तुम्ही सुगीनंतर ये म्हणाला होता."

"म्हणालो होतो."

"यंदा झाडांनी दिलं, ते बघितलं मी. पण दर वर्षी देतील असं नाही. आमचं भाडं दर वर्षी. मग मालक, काय ठरलं?"

सेबेरोनं काठी जमिनीला टेकवली. बेल्त्रानकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मालक कोण?"

"तुम्हीच की."

"मी इथं रोजावर आहे, पोरा. जमिनीचं मला काय विचारतोस? मालकीण ती तिकडं, जाळीपाशी. तिला विचार. पण जपून विचार, तिला बोललेलं सहन होत नाही."

बेल्त्राननं गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हणालो. "मी घरजावई. मला तर रोज पण मिळत नाही."

तेवढ्यात तिकडून हाक आली. आवाज चढलेला, आणि मधेच फाटलेला, कारण तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा! बोलत काय उभे राहिलात? ही ओळ कोण झोडपणार?"

"ऐकलंस?" सेबेरो बेल्त्रानला म्हणाला. "जाऊ दे मला. नाहीतर संध्याकाळी मजुरी कापेल."

आणि माझा सासरा, ज्यानं उभ्या जन्मात कुणाच्या हाकेला पाऊल उचललं नव्हतं, काठी खांद्यावर टाकून भराभर चालायला लागला.